नव्या जिल्ह्याची पिवळी गाठी

मित्रांनो, लाकूड कधी गोड नसतं असं तुम्हांला वाटत असेल, तर एकदा रेणापूरला या आणि मला जिभेचं टोक लावून बघा. मी एक जुना सागवानी साचा आहे. होळीच्या दिवसांत तुमच्या गळ्यात साखरेच्या पदकांची जी माळ पडते, जिला आपल्याकडे गाठी म्हणतात, ती माझ्या पोटातून निघते. इतकी वर्षं साखरेच्या संगतीत काढल्यावर माझ्या अंगात थोडा गोडवा मुरला आहे आणि थोडा गर्वही. गर्वाचं तुम्ही मनावर घेऊ नका.

मला बघाल तर आधी नुसत्या दोन फळ्या दिसतील. त्या उघडल्या की माझी श्रीमंती कळते. आत फुलं आहेत, चंद्रकोरी आहेत, शंख आहेत आणि टोकाला एक मोठं गोल पदक आहे. पण सगळं अर्धं अर्धं. उरलेलं अर्धं समोरच्या फळीत आहे. मधल्या खाचेत दोरा ठेवून दोन्ही फळ्या एकमेकींवर बसवायच्या, सुतळीने आवळून बांधायच्या आणि वरच्या तोंडातून गरम पाक ओतायचा. थोड्या वेळाने मला उघडलं की दोऱ्यात ओवलेली अख्खी माळ तयार असते.

माझा जन्म नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरचा. तिकडच्या जंगलातला साग भलता चिवट. निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. रेणापूरच्या रेवणसिद्ध हलवायाने तिथल्या पंढरी सुताराला साचा कोरायला सांगितलं. मला कोरताना पंढरी गुणगुणायचा, आणि चूक झाली की शिव्या मात्र मला द्यायचा. माझ्या एका शंखाचं टोक जरा वाकडं आहे, ते त्याला ऐन वेळी शिंक आल्यामुळे. मला गाडीत ठेवताना तो म्हणाला, "रेवणसिद्धआप्पा, कामाच्या आदी ह्याला पोटभर पाणी पाजत जावा. तहानलेला ठिवला तर तुमची साखर सोडायचा न्हाई."

ही काही चेष्टा नव्हती. पाक ओतण्याआधी मला पाण्यात भिजवावंच लागतं. कोरड्या लाकडाला साखर अशी चिकटते की सोडवायला गेलं तर चंद्रकोरीची शिंगं मोडून माझ्यातच राहतात. असं का होतं, हे मात्र मला फार वर्षं ठाऊक नव्हतं. काम चोख चाललेलं असलं की कारणं कोण विचारतो?

रेवणसिद्धामागे त्याचा मुलगा शरणप्पा भट्टीवर बसला. तांब्याची मोठी कढई, खाली बाभळीचा जाळ आणि समोर शरणप्पा, हे चित्र मी इतकं पाहिलं आहे की डोळे असते तर मिटूनही दिसलं असतं. पाण्यात साखर विरघळायची, पाणी वाफ होऊन वर उडून जायचं, पाक दाट होत जायचा आणि माझ्या पोटात येऊन घट्ट बसायचा. शरणप्पाची गाठी इतकी पांढरी की लातूरच्या बाजारातले लोकसुद्धा मुद्दाम मागवायचे. त्या पांढऱ्या रंगाचा त्याला भारी अभिमान होता. आणि त्या घरची रीत अशी, की कढईपुढं पुरुषांनीच बसायचं. बायकांनी दोरा कापायचा, साच्यात लावायचा आणि तयार माळा कागदात गुंडाळायच्या.

बहात्तरच्या दुष्काळात भट्टी पेटलीच नाही. माणसं खडी फोडायला जात होती, तिथं गाठी कोण घेणार? मी खुंटीला टांगून राहिलो. एका कोळ्याने माझ्या मोठ्या पदकात संसार थाटला. पाण्यावाचून माझ्या पाठीवर एक चीर गेली. ती चीर अजून आहे, पण आतल्या नक्षीला धक्का लागला नाही, एवढं माझं नशीब. त्यानंतर काही वर्षांनी त्या घरात सून आली, शिवकांता. शरणप्पाचा मुलगा संगप्पा, त्याची बायको. आल्या आल्या तिने मला खाली काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि प्रत्येक फुलात बोट फिरवून पाहिलं. मी तेव्हापासून तिच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

शिवकांता दोरा कापायची, पण नजर कढईवर असायची. फेस कधी चढतो, कधी बसतो, पाकाची तार कधी बघायची, हे ती मनात साठवत होती. एकदा तिने संगप्पाला विचारलंही, "मी पाक केला तर काय हुईल?" संगप्पाला भट्टीत रस नव्हता. तो लातूरच्या एका डाळमिलमध्ये कामाला होता आणि बिऱ्हाड तिकडंच न्यावं असं त्याच्या मनात होतं. तो म्हणाला, "तुझ्या मामंजींना इच्यार." आणि विषय तिथंच संपला.

आता मला शिकवणाऱ्या बाईंबद्दल सांगतो. गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायला सुमनबाई आल्या. त्याही हिमायतनगरच्या, म्हणजे माझ्या माहेरच्या. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हाच ठरवलं होतं की घरातलं एकही लेकरू शाळेबाहेर राहणार नाही. त्या लेकरांतली ही मुलगी नांदेडला रसायनशास्त्र शिकून आली होती. भट्टीला लागून असलेली खोली त्यांनी भाड्याने घेतली. पहिल्या दिवशी त्या आत आल्या तेव्हा शरणप्पा जरा अवघडला होता. शिवकांताने घरातल्या सगळ्यांच्या कपांबरोबर त्यांच्याही पुढे कप ठेवला आणि स्वतः शेजारी बसून प्यायली. मग अवघडायला काही उरलंच नाही.

एक दिवस बाई मला मागून घेऊन शाळेत गेल्या. मित्रांनो, आयुष्यात शाळेची पायरी मी तेव्हाच चढलो. बाईंनी मुलांना पटांगणात नेलं आणि म्हणाल्या, "समजा, तुम्ही सगळे साखरेचे रेणू आहात. रेणू म्हणजे साखरेचा लहानात लहान कण. आता प्रार्थनेला उभे राहा." मुलं ओळीत उभी राहिली. "शेजाऱ्याचा हात धरा. हा झाला स्फटिक. स्थायूचा एक प्रकार. सगळे रांगेत, सगळे आपल्या जागी. आता सुट्टी झाली असं समजा." मुलं एकमेकांना धक्के देत मिसळली. "हा झाला द्रव. हात धरताय, सोडताय, पण पटांगणाबाहेर जात न्हाई. आता शाळा सुटली." मग जे झालं ते तुम्हांला सांगायला नको. वायू गोळा करायला बाईंना बराच वेळ लागला.

मुलं परतल्यावर बाईंनी आणखी एक खेळ घेतला. मुलं सुट्टीतल्यासारखी हुंदडत असताना त्या एकदम ओरडल्या, "हाय तिथं थांबा!" सगळे जिथल्या तिथं थिजले. कुणी पाठमोरा, कुणी एका पायावर. बाई म्हणाल्या, "हलायचं बंद झालं, म्हणजे तुम्ही घट्ट झालात. पण रांग हाय का? न्हाई. अशा स्थायूला अस्फटिकी म्हणायचं. काच अशीच असती." शाळेची घंटा पितळेची, म्हणून ठोकली तरी फुटत नाही, मिठाचा खडा ठोकला की फुटतो, मेण हातात मऊ पडतं. प्रत्येक स्थायूत कण एकमेकांना कसे आणि किती घट्ट धरून आहेत यावर त्याचा स्वभाव ठरतो, असं त्यांनी सांगितलं. रेणूंनी एकमेकांना धरून ठेवायच्या त्या ओढीचं नाव आंतररेण्वीय बल. नाव अवघड आहे, पण काम हात धरण्याचंच आहे.

शेवटी त्यांनी मला वर धरलं. "साखरेला हात धरायची लई हौस. लाकडालाही तशीच. कोरडं लाकूड दिसलं की साखर त्याचा हात धरती आणि सोडत न्हाई. म्हणून साचा आधी पाण्यात भिजवायचा. लाकडाचे हात पाण्यात गुंतले, की साखरेच्या वाट्याला कोरडा हात उरत न्हाई." मुलं माझ्याकडे बघत होती. पंढरी सुताराचं बोलणं मला इतक्या वर्षांनी उमगलं. त्या दिवशी घरी जाताना मी बाईंच्या काखेत जरा ऐटीतच बसलो होतो.

मग ते वर्ष आलं. लातूर नवा जिल्हा झाला. रेणापूरच्या शिवेवर नवी पाटी लागली, तिच्यावर गावाच्या नावाखाली 'जि. लातूर' अशी ताजी अक्षरं. लोक येता-जाता उगीच थांबून ती वाचायचे. पण पावसाने त्या वर्षी तोंड फिरवलं होतं. विहिरी तळाला गेल्या, टँकर यायचा त्या दिवशी यायचा, नाही तर शाळेजवळच्या खोल हातपंपावर रांग लागायची. त्या पंपाचं पाणी मचूळ. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही.

अशात होळी जवळ आली, आणि ग्यानोबा भट्टीवर आले. ग्यानोबा म्हणजे गावातले जुने शेतकरी. कुठल्याही कामात पुढे आणि गप्पांत त्याहून पुढे. ते म्हणाले, "शरणप्पा, लेकराच्या पहिल्या होळीला गळ्यात गाठी घालत्यात का न्हाई?"

"घालत्यात की," शरणप्पा म्हणाला.

"मंग आपला जिल्हा आवंदा जन्मलेलं लेकरू हाय. त्याला गाठी नगं? शिवेवरच्या पाटीला घालू. चांगली लांबलचक कर. धुळवडीला सकाळी घालायची, अन् ऊन चढलं की पदकं तोडून लेकरांना वाटायची. आवंदा घरोघर कोन गाठ्या घेनार हाय? सगळ्या गावाची मिळून एकच गाठी."

शरणप्पाचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. त्याने आपला उजवा हात पुढे केला. तो हात थरथरत होता. गेल्या हिवाळ्यापासून त्याला भरला तांब्याही धरवत नव्हता, कढईतला झारा तर दूरच. "कसं करू?" तो म्हणाला.

कोपऱ्यातून शिवकांता बोलली, "मामंजी, पाक मी करते."

"कढईपुढं बाईमानसानं बसायची रीत न्हाई आपल्यात."

"आरं, आख्खा जिल्हा नवा करता येतो," ग्यानोबा म्हणाले, "एक रीत नवी करता येत न्हाई व्हय?"

शरणप्पाने जाळात एक लाकूड सारलं. मग म्हणाला, "बरं. शिवकांता, तुझी माळ पाटीवर टिकली तर भट्टी तुझी. न्हाई टिकली, तर रंगपंचमी झाली की हे साचे औशाच्या पाहुन्याला देऊन टाकतो. तुमी दोगं लातूरला जावा. संगप्पा कवाचा बोलवून राहिला."

शिवकांताने मान डोलावली. तिने हातातली कात्री खाली ठेवली. मित्रांनो, औशाच्या त्या पाहुण्याला मी ओळखत होतो. त्याने आपले सगळे साचे पावसात पडू देऊन कुजवले होते.

पहिल्या दिवशी सगळं उत्साहात सुरू झालं. मला बुडवायला हौदभर पाणी नव्हतं, म्हणून शिवकांताने मला ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि सकाळभर शिंपडत राहिली. गोणपाटातलं पाणी वाफ होऊन उडताना माझ्या अंगातली ऊब घेऊन जात होतं. मी माठासारखा गार झालो. मला वाटलं, आज आपण तयारीत आहोत.

पण कढईतला पाक हातपंपाच्या मचूळ पाण्याचा. तो पिवळट दिसायला लागला. शरणप्पा बाजेवरून म्हणाला, "पिवळा पडून राहिला. लिंबू पीळ." शिवकांताने पिळलं. रंग जरा निवळला. "आजून पीळ." तिने आणखी पिळलं. "पांढरा शुभ्र पायजे. गाव बघनार हाय. पीळ आजून." ती पिळत राहिली ती राहिलीच. शेवटी पाक पाण्यासारखा स्वच्छ झाला. शरणप्पा खूश, शिवकांता खूश. माझ्यात ओतला तेव्हा मीही खूश होतो.

मला उघडलं आणि सगळे बघतच राहिले. माळ पांढरी नव्हती, आरपार दिसत होती. फुलाच्या पलीकडचं बोट दिसावं इतकी. ग्यानोबा म्हणाले, "काचेवानी झालीया की!" पण माझ्या मनात शंका होती. ती साखर माझ्यापासून सुटताना ओढली जात होती, चिकट तारा सोडत होती. ती घट्ट झाली होती, पण बसली नव्हती. माळ खुंटीला लावली. दुपारपर्यंत चंद्रकोरी लांबून गवारीच्या शेंगा झाल्या. शंख थेंबाथेंबाने खाली उतरला. मोठं पदक तर दोऱ्यावरून निसटून जमिनीवर बसलं, आणि त्याला मुंग्यांनी गराडा घातला.

शिवकांता परात घेऊन आली. तिने बिघडलेली साखर परातीत गोळा केली आणि गल्लीतल्या लेकरांपुढे ठेवली. लेकरांना त्यात काही बिघडलेलं दिसलं नाही. परात चाटून त्यांनी लख्ख केली. शरणप्पा म्हणाला, "आता एका कढईपुरती साखर हाय. तेवढीच." आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

संध्याकाळी सुमनबाई शाळेतून आल्या. शिवकांताने त्यांना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "सोपं हाय. झटकन गार करा. गार केलं की घट्ट होतं." त्यांनी आपल्या डब्यातली चहाची साखर आणली. चहाच्या पातेल्यात थोडा पाक केला, लिंबू तेवढंच घातलं, आणि माझ्या एकाच फुलात ओतून मला लगेच ओल्या गोणपाटात गच्च गुंडाळलं. उघडलं तर फूल पुन्हा काचेचं. बोट लावलं तर बोटाला चिकटलं.

बाई फुलाकडे बघत राहिल्या आणि मग एकदम हसायला लागल्या. "शिवकांताताई, मी पटांगणात पोरांना 'हाय तिथं थांबा' म्हणाले होते, तेच आता साखरेला म्हणाले. तिला रांगेत उभं राहायला वेळच दिला न्हाई. रांग लागली की साखर पांढरी, कडक होती. रांग न्हाई लागली की काच."

"पन सकाळी तर म्या गार केलं न्हवतं," शिवकांता म्हणाली. "तरी काचच झाली."

बाईंचं हसू थांबलं. त्या विचारात पडल्या. पातेल्यातला उरलेला पाक त्यांनी चाखून बघितला. आंबटसर होता. "लिंबू किती पिळलं होतं?"

"मामंजी म्हनले तेवढं. लई."

"मग तेच," बाई हळूहळू म्हणाल्या. "साखरेचा एक रेणू म्हणजे दोघांची जोडी. गरम पाकात आंबट जास्त झालं की जोडी तुटती. सुटे झालेले दोघं रांगेत घुसत्यात आणि रांग लागू देत न्हाईत. लेझमाच्या रांगेत दोन दांडपट्टेवाले शिरल्यावर कसं हुईल, तसं."

"म्हंजी लिंबू कमी घालायचं. पन मग पिवळं हुईल."

"हुईल."

शिवकांताने विचारलं, "अन् रांग लवकर लागावी म्हून काय करता येतं का? कोनीतरी आदी हुभं राहिलं की बाकीचे त्याच्यामागं राहत्यात, तसं?"

"व्हय. एक बारका कण पुरतो. आधीच रांगेत असलेला."

शिवकांताचे डोळे चमकले. "म्हंजी इरजन. दुधाला दह्याचं लावतो तसं साखरेला साखरेचं." तिने पाट्यावर चिमूटभर साखर बारीक वाटली. पुन्हा चहाच्या पातेल्यात पाक केला, लिंबाचा एकच थेंब. पाक तयार झाल्यावर खाली उतरवून ती पळीने त्याला भांड्याच्या कडेला घासत राहिली आणि वाटलेली साखर वरून भुरभुरली. बघता बघता पाक गढूळला. तो लगेच माझ्या एका शंखात ओतला. गोणपाट बाजूला ठेवलं. उघडलं तर शंख कडक, पिवळट आणि अपारदर्शक. वाकडं टोकसुद्धा नीट उठलं होतं. बाईंनी तो दगडावर आपटला, तर कट् असा आवाज आला. त्या आठवड्यात बाई गुळाचा चहा प्यायल्या, पण त्यांची तक्रार नव्हती.

होळीच्या दिवशी सकाळी शेवटची कढई चढली. हातपंपाचंच पाणी, घरातली उरलेली सगळी साखर. शिवकांताने एका लिंबाची बारीकशी फोड पिळली आणि हात मागे घेतला. पाक पिवळा व्हायला लागला. बाजेवर शरणप्पा उठून बसला.

"पिवळा हाय. पीळ."

शिवकांताने झारा फिरवत ठेवला. "मामंजी, आता न्हाई पिळत."

"माझ्या घरची गाठी पांढरी असती. लोक हसत्याल."

"हसू द्या. पन माळ टिकंल."

"अन् न्हाई टिकली तर?"

"तर म्या लातूरला जाईन."

शरणप्पा उठला, चप्पल घातली आणि बाहेर निघून गेला. शिवकांताच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे आलं असेल, असं म्हणायची माझी इच्छा होती, पण जाळ तेव्हा स्वच्छ होता. तिने पदराने डोळे पुसले आणि पाकाची तार बघितली. मग कढई उतरवली. झाऱ्याने कडेला घासत राहिली, साखरेचं विरजण भुरभुरलं. पाक गढूळ होण्याची वाट बघणं म्हणजे काय असतं, ते मला तेव्हा कळलं. थोडा उशीर झाला तर सगळा पाक कढईतच बसतो, थोडी घाई झाली तर माझ्यात काच होते. तिने चोचीचं भांडं उचललं आणि ओतायला सुरुवात केली.

मित्रांनो, आत काय झालं ते फक्त मलाच ठाऊक आहे, म्हणून सांगतो. आधी नुसती गर्दी होती. मग वाटलेल्या साखरेच्या एका कणाशेजारी कुणी तरी उभं राहिलं. त्याच्या शेजारी दुसरं. मग सगळीकडून रांगा लागत गेल्या, फुलापासून शंखापर्यंत, शंखापासून चंद्रकोरीपर्यंत. रेणू आपल्या जागी बसतात तेव्हा ते थोडी ऊब सोडून देतात. ती ऊब माझ्या लाकडाला लागली. इतक्या वर्षांत ती मला हजारदा लागली असेल, पण त्या दिवशी मी ती ओळखली. मला हसू आवरेना.

एका माळेने भागणार नव्हतं. शिवकांताने मला आणि माझ्या भावंडांना, म्हणजे भट्टीवरच्या बाकी साच्यांना, बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं, आणि सगळ्या माळा एकीला एक बांधून लांब गाठी केली. शरणप्पा परत आला तेव्हा ती खुंट्यांवर टांगलेली होती. चाफ्याच्या देठाजवळ असतो तसा पिवळा रंग. त्याने ती वरून खालपर्यंत बघितली.

"ही माझी गाठी न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई मामंजी," शिवकांता म्हणाली. "ही माझी हाय."

धुळवडीच्या सकाळी सगळं गाव शिवेवर आलं. सुमनबाईंनी मुलांना दाखवायला मलाही आणलं होतं. ग्यानोबांनी शिडीवर चढून पाटीला गाठी घातली. रंग बघून कुणी तरी हसलंच. ग्यानोबा वरूनच म्हणाले, "हसता काय? लेकराला हळद लावलीया." मग जे हसू फुटलं ते खुशीचं होतं. रंग खेळायला पाणी नव्हतं, म्हणून लोक गुलाल आणि कोरडी राख लावत होते. ऊन चढत गेलं. शिवकांता पाटीच्या सावलीत उभी होती आणि तिची नजर एका शंखावर खिळली होती. तो खाली उतरतो की काय, ते ती बघत होती. मीही तेच बघत होतो. शंख जिथल्या तिथं राहिला. ऊन माथ्यावर आलं तरी एकाही चंद्रकोरीचं शिंग लांबलं नाही.

मग गाठी उतरवली आणि पदकं तोडायला घेतली. कट्, कट् असा आवाज येत राहिला आणि प्रत्येक आवाजाबरोबर एक लेकरू पुढे सरकत राहिलं. शरणप्पा गर्दीच्या मागे उभा होता. शेवटचं पदक राहिलं तेव्हा तो पुढे आला, हात पुढे केला. शिवकांताने त्याच्या थरथरत्या तळहातावर ते ठेवलं. त्याने ते दातांनी मोडलं, मोडलेली बाजू डोळ्यांजवळ नेली, आत बारीक रवा चमकत होता. त्याने तुकडा तोंडात टाकला, चावला आणि तो घरी गेला.

त्या दिवशी शिवकांताने मला धुऊन, पुसून खुंटीला लावलं. औशाच्या पाहुण्याला निरोप गेला होता की नाही, हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. संगप्पा लातूरहून आला होता. बिऱ्हाडाचं अजून काहीच ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भट्टी झाडायला आली, आणि दारातच थांबली. कोपऱ्यात, जिथं ती इतकी वर्षं बसायची, तिथं शरणप्पा बसला होता. पुढ्यात दोऱ्याचं रीळ, थरथरत्या हातात कात्री. पहिले चार-पाच दोरे वेडेवाकडे कापून त्याने बाजूला टाकले होते. तिला बघून तो जरा ओशाळला.

"पाडव्याच्या गाठ्या घालायच्या हायत," तो म्हणाला. "दोरा किती लांब कापू?"

शिवकांता त्याच्यासमोर बसली, आपला हात कोपरापर्यंत पुढे केला आणि म्हणाली, "एवडा, मामंजी. अन् जरा सरळ."

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी लाकडं तुमच्या घरात असतील तर त्यांना कामात ठेवा, म्हणजे ती चिरणार नाहीत. आणि घरात वर्षानुवर्षं कुणी कोपऱ्यात दोरा कापत बसलेलं असेल, तर त्यांची नजर कुठं आहे ते एकदा बघा. कढई त्यांच्या हाती द्यायला होळीची वाट बघू नका.